दोन बाजू उघड्या

आमच्या शेडला परवाना होता. हे आधीच सांगून टाकते, कारण घडलेलं ऐकल्यावर प्रत्येकजण पहिल्यांदा हेच विचारतो, "परवानगी काढली नव्हती का?" काढली होती. मीच काढली होती. सातव्या महिन्याचं पोट घेऊन बांधकाम विभागात तीन खेपा घातल्या होत्या.

पहिल्या खेपेला खिडकीतल्या कारकुनाने माझा नकाशा हातात घेऊन लांब धरला, मग जवळ आणला. मी घर काढलं होतं, अंगण काढलं होतं, कोपऱ्यातलं झाडसुद्धा पानांसकट काढलं होतं.

"बाई, चित्र सुंदर आहे," तो म्हणाला. "पण शेड कुंपणापासून किती लांब, ते कुठाय? झाडाला परवानगी लागत नाही."

दुसऱ्या खेपेला अंतरं होती, पण उंची नव्हती. तिसऱ्या खेपेला सगळं होतं, आणि त्याने शिक्का मारून दोन पानी परवाना हातात ठेवला. निवासी कारपोर्ट, म्हणजे घरची गाडी लावायची शेड, एकूण अकरा अटी. मला वाचायची खोड आहे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीही मी शेवटपर्यंत वाचते. तिथेच बाकावर बसून अकराच्या अकरा वाचल्या. शेड कुंपणापासून एक मीटर आत. खांब काँक्रीटमध्ये. छताचं पाणी स्वतःच्याच आवारात. काम झालं की कार्यालयाला कळवून शेवटची पाहणी करून घ्यायची, तोवर परवाना फाटकावर दिसेल असा लावायचा. आणि सातवी अट: किमान दोन बाजू कायम पूर्ण उघड्या राहतील, भिंत, पत्रा, पडदा, कशानेही बंद करता येणार नाहीत.

मी उठून परत खिडकीशी गेले. "ही सातवी अट कशासाठी आहे?"

"नियम आहे म्हणून."

"पण कारण काय?"

"बंद केली की ती शेड राहत नाही, खोली होते. खोलीचा अर्ज वेगळा. निळा." त्याने हनुवटीने माझ्या मागे खूण केली. "रांग बघा जरा."

म्हणजे कागदोपत्री भानगड आहे, असं मी समजले आणि घरी आले.

घरी आम्ही चौघं. चिमी झाल्यावर पाच. चिमी माझी मुलगी, हे घडलं तेव्हा सात महिन्यांची. सासरे, म्हणजे आमचे बाबा, तीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवून गेल्या वर्षीच निवृत्त झालेले. निवृत्त नावापुरते. घरातलं एकही ग्रिल, एकही मांडणी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाताने होऊ दिली नाही, मग शेड कशी होऊ देतील? चिमी दोन महिन्यांची असताना त्यांनी ती एकट्याने उभी केली. चार खांब, वर पत्र्याचं छत, तीन बाजू मोकळ्या, चौथी बाजू घराची भिंत. त्या भिंतीत एक खिडकी. खिडकीच्या आत चिमीची खोली.

नवरा लिफ्टच्या देखभालीवर असतो. सकाळी सातला निघतो. गाडी जुनी, पेट्रोलची. थंडीत लगेच ओढत नाही, फाटकापर्यंत जाईतो दोनदा बंद पडते. म्हणून तो गाडी चालू करून ठेवायचा, आत यायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा, डबा घ्यायचा, मोजे शोधायचा आणि मग निघायचा. लावायची सवय उलटी, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येतं. तोंड फाटकाकडे, सायलेन्सर भिंतीकडे.

हे सगळं मी रोज बघत होते. मी, जिला घरात 'काळजीवाहू सरकार' म्हणतात.

ते नाव नवऱ्याने ठेवलं. चिमीचं अंग किंचित गरम लागलं की मी तीन वेगवेगळ्या थर्मामीटरने ताप बघते. तिच्या पाळण्याच्या दांड्याचा रंग तोंडात गेला तर काय, म्हणून मी नवऱ्याला तो सगळा खरवडून काढायला लावला. तिला रडू देत नाही. पहिलं 'अँ' आलं की उचललेली असते. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आम्हीही पोरं वाढवली. रडली म्हणून कोणी विरघळलं नाही." मी हसायची आणि उचलायचीच.

थंडी सुरू झाली तसं समोरच्या मोकळ्या मैदानावरचं वारं शेडमधून थेट तिच्या खिडकीवर यायला लागलं. धूळ यायची. एकदा खिडकीच्या कठड्यावर मांजर बसलेलं सापडलं, त्या दिवसापासून मी खिडकी बंदच ठेवली. मग कुठेतरी वाचलं की लहान बाळाच्या खोलीत हवा खेळती हवी, कोंदट खोलीत बाळाला त्रास होतो. झालं. बंद ठेवली तर कोंदट, उघडली तर वारा. आठवडाभर मी तेवढाच विचार करत होते.

एका संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून ड्रिल पुसत होते. मी म्हटलं, "बाबा, शेडच्या दोन्ही बाजूंना पत्रा लावता येईल का? आणि पुढे एखादा पडदा?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "लावता येईल की. लावायचा का, ते सांग."

"लावू या. चिमीला वारा लागतो."

"बरं," ते म्हणाले आणि ड्रिल पुसायला लागले.

दोन दिवसांत काम झालं. दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत पत्रे, पुढे जाड ताडपत्रीचा पडदा, वर गुंडाळता येणारा. एवढं नीट की सासूबाई म्हणाल्या, "इथे तर पाहुण्यांना झोपवता येईल." त्याच दुपारी मी फाटकावरचा परवाना काढला, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला. शेवटच्या पाहणीसाठी फोन करायचा होता, तो केला नाही. मनाला सांगितलं, राहून गेला. राहून गेला नव्हता.

आणि चिमीची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला लागले. वारा नाही, धूळ नाही, मांजर नाही, हवा मात्र येते. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी थोडा वास यायचा. गाडीला गाडीचा वास येणारच. तो जावा म्हणून गाडी निघाली की मी खिडकी आणखी दोन बोटं उघडायची.

हे वाक्य लिहिताना आत्ताही हात थांबतो.

नंतरचं सगळं माझ्या वहीत होतं. चिमी जन्मल्यापासून मी एक वही ठेवलीय: किती वाजता दूध, किती वेळ झोप, उलटी, ताप. पत्रे लागल्यावर चार-पाच दिवसांत तिच्या सकाळच्या झोपा लांबायला लागल्या. उठली तरी मलूल. दोनदा, तीनदा उलटी. माझं डोकं जड, जिना चढताना धाप. सासूबाई सकाळी चिमीजवळ बसायच्या, त्यांचंही कपाळ दुखायचं. त्या पट्टी बांधून बसायच्या. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "साथ आहे. घरात सगळ्यांनाच आहे ना? मग साथच."

मधे मी चार दिवस चिमीला घेऊन माहेरी गेले. तिथे ती हसरी, खेळकर, रात्रभर शांत. माझंही डोकं थांबलं. परत आल्यावर नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "माहेरचा रस्ता दिसला की हिची साथ संपते."

"माझीही संपते," सासूबाई म्हणाल्या. "ती गेली त्या चार दिवसांत एकदाही डोकं दुखलं नाही बघ माझं."

सगळे हसले. मीही हसले, जरा दुखावून. आता वाटतं, अख्खं उत्तर तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलं होतं आणि आम्ही त्यावर हसलो.

मग नोटीस आली. शेजारचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, घरात त्यांना बँकवालेच म्हणतात, त्यांनी तक्रार केली होती. परवाच्या अवकाळी पावसात बाजूच्या पत्र्यावरून ओघळलेलं पाणी त्यांच्या वाफ्यात गेलं म्हणून. शनिवारी सकाळी नऊ वाजता इन्स्पेक्टर पाहणीला येणार.

"दोन मिरच्यांच्या रोपांसाठी सरकार बोलावलं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही लोकांना."

मी घाबरले होते ती पाण्यामुळे नाही. सातव्या अटीमुळे. पत्रे काढायला लावतील, दंड करतील, बाबांच्या कामावर कोणीतरी लाल रेघ मारेल. त्या तीन रात्री मी एवढ्याच गोष्टीची काळजी केली. आयुष्यात इतकी चुकीची काळजी मी कधी केली नव्हती.

शनिवारी नवरा मुद्दाम थांबला. साडेआठला त्याने गाडी चालू केली, कारण इन्स्पेक्टरला मापं घ्यायला जागा हवी, आणि गार गाडी बाहेर निघेना. पडदा अर्धा खाली होता. तो आत आला. चहा तयार होता. चिमी नुकतीच झोपली होती.

"पडदा तरी गुंडाळून ठेव ना," मी म्हटलं.

"गाडी काढताना गुंडाळतो."

"आणि विचारलं तर काय सांगायचं?"

"काय विचारणार? तो पाण्यासाठी येतोय."

"बाजू का बंद केल्या म्हणाला तर? तात्पुरतं आहे म्हणायचं. थंडीपुरतं."

"बरं, तात्पुरतं."

"आणि परवाना दाखवा म्हणाला तर? तो फाटकावर नाहीये."

"तर म्हणायचं, काळजीवाहू सरकार पडलं," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

आम्ही असे वीस मिनिटं बोलत होतो. मी त्याच्याकडून उत्तरं घोकून घेत होते. वीस मिनिटं गाडी चालू होती.

इन्स्पेक्टर दहा मिनिटं आधीच आला. बारीक चणीचा माणूस, गळ्यात मफलर, पट्ट्याला टेप अडकवलेला, काखेत फाइल. स्कूटर नेमकी फाटकात लावली. आम्ही सगळे बाहेर आलो, सासूबाईसुद्धा. बँकवाले काका कुंपणाच्या भिंतीपलीकडे आधीच उभे होते.

"पाणी कुठे पडतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"इथे!" काका म्हणाले. "सगळा वाफा वाहून जातो."

"एवढा महापूर आला आणि आम्हाला कळला नाही," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही बोलू नका, तुमच्याकडून उगम आहे."

इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने टेपने पत्र्याची कड आणि भिंत यातलं अंतर मोजलं, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि बाबांना म्हणाला, "इथे पन्हळ लावा, पाणी आत वळवा. पंधरा दिवस देतो."

"आजच लावतो," बाबा म्हणाले.

माझा श्वास सुटला. झालं, जातोय. तेवढ्यात त्याला आतून आवाज ऐकू आला आणि त्याने पडदा हाताने उचलून आत डोकं घातलं.

"गाडी चालू आहे?"

"हो, गरम करतोय," नवरा म्हणाला. "तुमची स्कूटर हलली की काढतो."

"बंद करा."

"काढतोच आहे ना, साहेब..."

"बंद करा म्हटलं ना!"

एवढ्याशा माणसातून असा आवाज निघाला की काकासुद्धा भिंतीपासून मागे सरकले. नवऱ्याने आत जाऊन किल्ली फिरवली. एकदम सगळं शांत झालं. इन्स्पेक्टर पडद्याखालून वाकून आत गेला होता आणि भिंतीकडे बघत होता. सायलेन्सरच्या बरोबर वर, खिडकी. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला काळसर पट्टा होता. मी तो पुसायची दर रविवारी, धूळ समजून.

"ही खिडकी कसली?"

"बाळाच्या खोलीची," मी म्हटलं. आणि मी काय बोलले ते ऐका. मी म्हटलं, "साहेब, पत्रे तात्पुरते आहेत. थंडीपुरते."

त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरू शकत नाही, कारण त्यात राग नव्हता. घाबरलेला होता तो.

"बाळ कुठंय?"

"झोपलीये."

"कुठे झोपलीये?"

मी खिडकीकडे बोट केलं.

त्याच्या काखेतली फाइल खाली पडली. "बाहेर आणा तिला. आत्ता. उभे काय राहिलाय सगळे, बाहेर आणा!"

पुढचं मला सलग आठवत नाही. मी धावले एवढं आठवतं, आणि दार आतल्या बाजूला उघडतं हे विसरून ते ओढत राहिले. खोलीत काहीच वेगळं नव्हतं. पडदा नीट, पांघरूण नीट, खिडकी दोन बोटं उघडी. चिमी कुशीवर झोपलेली. मी उचललं तर तिची मान मागे गेली, अगदी नवजात बाळाची जाते तशी. मी हाक मारली. परत मारली. गाल थोपटला. सात महिने जी माझ्या पावलांच्या आवाजाने जागी होते, ती डोळे उघडेना.

अंगणात आणलं तेव्हा मी ओरडत होते म्हणे. मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. इन्स्पेक्टर म्हणत होता, "मोकळ्यावर न्या, तळपाय चोळा, हाका मारत राहा." नवरा खिसे चाचपत होता, "किल्ली कुठंय, किल्ली कुठंय," आणि किल्ली त्याच्या डाव्या हातात होती. शेवटी भिंतीपलीकडून काका ओरडले, "माझी गाडी रस्त्यावरच आहे, या इकडे, या!"

दोन मिरच्यांच्या रोपांवाल्या काकांनी गाडीच्या चारही काचा खाली केल्या आणि अशी चालवली, जशी त्या वयाचा माणूस चालवेल असं कोणाला वाटणार नाही. पहिल्या गतिरोधकावर चिमीला उलटी झाली. ती क्षीण कुरकुरली. मला वाटलं, जागी झाली. पुढच्या वळणाला परत डोळे मिटले.

हॉस्पिटलमध्ये तिला माझ्या हातातून घेतलं तेव्हा माझे हात तसेच राहिले, पुढे केलेले. कोणीतरी मला खुर्चीत बसवलं. तिच्या तोंडावर एवढासा मास्क लागला. रक्त काढलं तेव्हाही ती धड रडली नाही. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या.

"बंद खोलीत शेगडी होती? गिझर?"

"गाडी," मी म्हटलं. "शेडमध्ये. शेड बंद केलेली."

"कार्बन मोनॉक्साइड," त्या म्हणाल्या. "धुराचा वास येतो, या वायूला वास नसतो. धूर गेला असं वाटतं, हा मागे राहतो. आज पहिल्यांदा झालं का असं?"

चिमीची पिशवी माझ्या खांद्यालाच होती. ती कधी उचलली, माहीत नाही. मी वही काढून दिली. डॉक्टरीणबाई उभ्या उभ्या पानं उलटत गेल्या. सोमवार, उलटी. मंगळवार, मलूल. बुधवार, सकाळची झोप तीन तास. रविवार, छान खेळली. सोमवार, उलटी. मग चार दिवस माहेर, काही नाही. मग परत सोमवार.

"हे कोण लिहितं?"

"मी."

"एवढं नीट लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या.

तो ठपका नव्हता, कौतुकही नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही. नवरा ती पानं माझ्या खांद्यावरून वाचत होता. "रविवारी मी गाडी काढत नाही," तो म्हणाला. एकदा म्हणाला, मग परत म्हणाला, जणू तारीख पाठ करतोय.

सासूबाईंचं रक्त तपासलं, माझंही. त्यांनाही शेजारच्या खाटेवर मास्क लावून झोपवलं. मला थोडं होतं. त्यांना जास्त. चिमीला सगळ्यात जास्त.

"बरी होईल ना?" मी विचारलं.

"ऑक्सिजन सुरू आहे. उतरायला काही तास लागतात, मग परत रक्त बघू. बाळाचा मेंदू आहे, मी आत्ता काही बोलणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती नीट जागी व्हायला हवी. तेवढं बघत राहा."

मी बघत राहिले. माझा धंदाच तो.

दुपारी इन्स्पेक्टर आला. फाइल हातात होती, तिच्यावर आमच्या अंगणातली माती तशीच. तो दाराशीच उभा राहिला. नवऱ्याने त्याला बसायला सांगितलं, तर खुर्चीच्या काठावर बसला.

"मी पाण्यासाठी आलो होतो," तो म्हणाला. "तक्रारीत बाजू बंद केल्याचं काही नव्हतं. पन्हळ सांगून मी जाणार होतो." त्याने मफलर काढून हातात धरला. "शेवटची पाहणी माझीच असते. तुमचा फोन आला नाही, म्हणून फाइल खाली गेली. आमच्याकडे खाली गेलेली फाइल वर येत नाही."

"सातव्या अटीत कारण का लिहिलेलं नाही?" मी विचारलं. भांडायचं म्हणून नाही. मला ते कळल्याशिवाय दुसरं काही सुचेना.

"पूर्वी होतं. प्रत्येक अटीखाली दोन ओळी असायच्या. परवाना चार पानी व्हायचा." त्याने फाइलवरची माती झटकली. "छपाईत दोन पानं वाचवायची म्हणून काढल्या."

 तो उठला, खाटेवरच्या चिमीकडे बघितलं आणि गेला.

त्यानंतर बाबा आले. सकाळपासून ते कुठे होते याची मला आठवणच झाली नव्हती. सदऱ्यावर गंज, दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली. "काढले सगळे," ते म्हणाले. "पडदा पण जाळ... पडदा पण टाकला." हातमोजे घालायचंही सुचलं नव्हतं त्यांना, तीस वर्षं पत्रा कापलेल्या माणसाचे हात पत्र्याने फाटले होते.

ते चिमीच्या खाटेजवळ येऊन उभे राहिले आणि मला ते सहन होईना.

"बाबा, मला माहीत होतं," मी म्हटलं. "नियम माहीत होता. वाचला होता मी. परवाना फाटकावरून मीच काढून ठेवला. तुम्हाला सांगितलं नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. बाबांनी नाही बघितलं.

"मलाही माहीत होता," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तीस वर्षं शेडी बांधल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, दोन पत्रे जास्त टाका, बंद करून द्या. मी म्हणायचो, गाडी आत जाणार असेल तर नाही. वर्कशॉपमधून परत पाठवलीत माणसं. एकालाही करून दिली नाही."

"मग आपल्याला का करून दिली?" नवऱ्याचा आवाज फुटला. "बाबा, मग आपल्याच घरी का?"

बाबा बांधलेल्या तळव्यांकडे बघत होते. "ही लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली," ते म्हणाले. "कधी काही मागितलं नाही हिने माझ्याकडे. पहिल्यांदा मागितलं. मला वाटलं, थंडीचे दोन महिने, मग काढून टाकू. वाटलं, मी आहे ना घरात, बघेन." 

शेजारच्या खाटेवरून सासूबाई मास्कच्या आतून म्हणाल्या, "इकडे या. बसा इथे." ते गेले आणि त्यांच्या पायथ्याशी बसले.

चार वाजून गेले होते. खिडकीतलं ऊन चादरीवरून भिंतीवर सरकलं होतं. चिमीने आधी पाय हलवला. मग नाक सुरकुतलं. मग डोळे उघडले, आणि ते माझ्यावर येऊन थांबले. खरंच थांबले. तिने मास्कला हात घातला, तो निघेना, आणि तिने तोंड उघडून जो भोंगा काढला तो बाहेरच्या वऱ्हांड्यात ऐकू गेला असेल.

मी उठले. माझे दोन्ही हात तिच्याकडे गेलेही होते. नर्सने मधे हात घातला.

"उचलू नका. मास्क हलेल."

"पण ती रडतेय..."

"रडू दे. रडताना केवढा मोठा श्वास घेतेय बघा. डॉक्टरांना बोलावते, तोवर रडू दे तिला."

मी खाली बसले. चिमी माझ्याकडे बघून रडत होती, मी का उचलत नाही हे तिला कळत नव्हतं, तिचा चेहरा लाल झाला, दोन्ही पाय ती गादीवर आपटायला लागली. "रड गं बाई माझी, रड," सासूबाई पलीकडून म्हणाल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि एक हुंदका संपून दुसरा कधी येतो याची वाट बघत बसून राहिले.